पोटरीत दिलं, पण पोचलं का?

(या सदरात जळगावचे एक जुने सोनोग्राफीवाले डॉक्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : नमस्कार साहेब. आमचे आबा ६४ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं विडी, दहा वर्षांपासून शुगर. केळीच्या बागेत दोन ओळी चालले की उजवी पोटरी धरते, बांधावर टेकले की सोडते. डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली, गुडघ्याखालच्या नळ्या बऱ्याच बंद आहेत म्हणाले. पुण्याचा मावसभाऊ सांगतो की आता जनुकाचं इंजेक्शन निघालंय, पोटरीत दिलं की नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि औषध कुठवर गेलं ते स्कॅनवर दिसतं. हे खरं आहे का? कुठे मिळेल? खर्चाची तयारी आहे, वेळ पडली तर एक एकर काढू.
– चोपडा तालुक्यातून एक वाचक

उत्तर : भाऊ, आधी एकराचं बोलू. काढू नका. पुढचं उत्तर वाचायचा कंटाळा आला तरी एवढं घरात सांगून ठेवा.

तुमचा मावसभाऊ खोटं बोलत नाही. त्याने फक्त तीन निरनिराळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहे. ती सोडल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

आबांचं दुखणं मला पत्रावरूनच कळलं. चाललं की धरतं, थांबलं की सोडतं, हे पायाच्या धमन्या आतून भरत आल्याचं लक्षण. तुमच्याच बाजूचे एक शेतकरी मागे माझ्याकडे आले होते. "मना पाय भरी येस" म्हणाले. मी जेल लावून प्रोब फिरवत होतो आणि ते मान वळवून पडद्याकडे बघत होते. मांडीत लाल-निळा रंग भरून वाहत होता, गुडघ्याखाली उतरलो तर नुसते तुटक ठिपके. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, हाई ते लॅटरल चोक व्हयेल शे." (म्हणजे ठिबकची ओळीतली बारीक नळी तुंबली आहे.) तीस वर्षांत इतका नेमका रिपोर्ट मी कधी लिहिला नाही.

तर लॅटरल चोक आहे. मोठी नळी साफ करता येते (अँजिओप्लास्टी), किंवा बाजूने दुसरी टाकता येते (बायपास). पण गुडघ्याखाली लांबवर सगळंच बारीक आणि खराब झालं असेल तर सर्जनलाही टाका घालायला जागा उरत नाही. अशा पायांसाठी ही जनुकाची कल्पना निघाली. डीएनएचा एक छोटा गोल तुकडा, त्याला प्लास्मिड म्हणतात. त्यात एका प्रथिनाची कृती लिहिलेली असते, बहुतेक वेळा व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाची. स्नायूच्या पेशीने तो तुकडा आत घेतला तर ती काही दिवस, फार तर काही आठवडे, ते प्रथिन बनवते, आणि त्याच्या सांगण्यावरून आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना बारीक फांद्या फुटतात. फुटाव्यात, असं म्हणू.

बोस्टनच्या सेंट एलिझाबेथ रुग्णालयात जेफ्री इस्नर यांच्या गटाने हे माणसात करून पाहिलं. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ७१ वर्षांच्या एका बाईंची हकिकत छापली. अँजिओप्लास्टीच्या फुग्याला २ मिलिग्रॅम प्लास्मिड लावून तो गुडघ्यामागच्या धमनीत फुगवला. ४ आठवड्यांनी अँजिओग्राफीत (रक्तवाहिनीत औषध सोडून काढलेला एक्स-रे) गुडघा, नडगी आणि घोट्यापाशी जास्त फांद्या दिसल्या, १२ आठवड्यांनीही त्या टिकून होत्या. मला मात्र त्या लेखातली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. आठवड्याभरात त्या बाईंच्या घोट्या-पावलाच्या कातडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तीन लाल ठिपके उगवले, आणि पाय सुजला. औषध दिलं गुडघ्यामागे, ठिपके खाली घोट्याशी! औषध काम करत होतं याची ही पावती, आणि ते कुठे काम करेल ते आपल्या हातात नव्हतं याचीही.

पुढे फुगा मागे पडला आणि सरळ स्नायूत सुई टोचायची पद्धत रूढ झाली. वेगवेगळी जनुकं वापरून झाली. एका जनुकाचा लहान अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात पाय कापण्याचं प्रमाण कमी दिसलं, सगळे हरखले. मग त्याचाच मोठा अभ्यास झाला : टॅमॅरिस, ३० देशांतले ५२५ रुग्ण. पायात आठ ठिकाणी टोचायचं, दोन-दोन आठवड्यांनी, असं चार वेळा. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी म्हणा. निकाल २०११ साली लागला. वर्षभरात पाय कापावा लागलेले किंवा वारलेले : पाण्याच्या गटात ३३ टक्के, औषधाच्या गटात ३६. म्हणजे काहीच फरक नाही. जपानने २०१९ मध्ये एचजीएफ नावाच्या दुसऱ्या जनुकाच्या इंजेक्शनला अटी घालून परवानगी दिली होती. विक्रीनंतर गोळा केलेल्या माहितीत आधीचा फायदा दिसला नाही, आणि २०२४ मध्ये कंपनीने कायमच्या परवानगीचा अर्ज मागे घेतला. रशियात व्हीईजीएफचं एक इंजेक्शन २०११ पासून नोंदलेलं आहे.

इथे आमच्यासारख्या चित्रवाल्यांचा प्रश्न सुरू होतो. टॅमॅरिसमध्ये मोजलं ते पाय राहिला का आणि माणूस राहिला का. बरोबरच आहे, रुग्णाला तेवढंच हवं असतं. पण निकाल पडला तेव्हा जनुकच कुचकामी होतं, की ते पेशीत पोचलंच नाही, की पोचलं पण दोन आठवड्यांत थकलं, हे कशावरून ठरवायचं? तुम्ही ठिबकला व्हेंच्युरी (पाण्यात खत ओढून घेणारं यंत्र) लावून खत सोडता. टाकी रिकामी झाली म्हणजे खत गेलं खरं. पण शेवटच्या ओळीतलं पान पिवळंच राहिलं, तर तुम्ही खताच्या कंपनीला शिव्या द्याल, की आधी जाऊन ड्रिपर उपसून बघाल? औषधवाल्यांनी बराच काळ ड्रिपर बघितलेच नाहीत.

आता मोळी सोडतो. "स्कॅनवर दिसतं" म्हणजे नेमकं काय दिसतं?

पहिली काडी, द्रव कुठे गेला. हे दाखवणं सगळ्यात सोपं. औषधात एमआरआयचं गॅडोलिनियम मिसळलं की टोचलेल्या जागी पांढरा ठिपका उजळतो, तो किती पसरला ते मोजता येतं. सुई मारताना सोनोग्राफी लावली तर हे डोळ्यांसमोर घडतं. पोटरीत इंजेक्शनचा द्रव जाताना मी बघितलेला आहे. सुईचं टोक स्नायूच्या पोटात असेल तर धाग्यांच्या मधून लांबट काळी फट उघडते. टोक जरा पुढे सरकून दोन स्नायूंच्या मधल्या पडद्यात गेलं, की द्रव त्या पडद्यातून सरसर पाटासारखा पळतो आणि स्नायू कोरडाच राहतो. बाहेरून टोचणाऱ्याच्या बोटाला दोन्ही वेळा सारखंच लागतं. आता आठ जागा गुणिले चार वेळा असा हिशेब करा. त्यातल्या किती पाटात गेल्या, कोण सांगणार?

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी याच्यावर एक चांगली युक्ती काढली. त्यांचं काम जनुकाचं नाही, पेशींचं आहे, पण अडचण तीच. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या बारीक गोळ्यांत त्यांनी पेशी भरल्या आणि त्यात बेरियम घातलं. पोटाच्या एक्स-रेआधी पाजतात तेच पांढरं बेरियम. सशाच्या मांडीत या गोळ्या टोचल्यावर साध्या एक्स-रेत एकेक पुंजका दिसतो. फ्लोरिनवाला एक प्रकारही आहे. आपल्या मांसात एमआरआयला दिसेल असं फ्लोरिन जवळजवळ नसतंच, त्यामुळे जे चमकलं ते औषधाबरोबर आलेलंच, शंकेला जागा नाही.

पण हे सगळं झालं पोस्टमनच्या सायकलचं चित्र. पत्र वाचलं का, ही दुसरी काडी. जनुक पेशीत शिरून काम करू लागलं का, हे गॅडोलिनियमला सांगता येत नाही, कारण ते जनुकाचा हात सोडून आपल्या वाटेने निघून जातं. त्यासाठी औषधाच्या जनुकाशेजारी दुसरं एक 'खबऱ्या' जनुक जोडतात. त्यातलं मला आवडतं ते आपल्या थायरॉइडचं. थायरॉइडच्या पेशींवर आयोडीन आत ओढणारा एक पंप असतो. थायरॉइड स्कॅन होतो तो याच पंपामुळे. पंपाचं जनुक औषधाला जोडून पोटरीत दिलं आणि नंतर थायरॉइड स्कॅनचंच किरणोत्सारी द्रव्य शिरेतून दिलं, तर जिथे जनुक चालू झालं तिथली पोटरी उजळते. जणू पायात थायरॉइड उगवलं. पोचलं, उघडलं, कामाला लागलं, तिन्हीची खबर एका चित्रात.

नागीण-फोडांच्या जातीतल्या हर्पीस विषाणूचं एक जनुकही खबऱ्या म्हणून वापरतात, आणि ते पेट स्कॅनवर दिसतं. २००५ साली स्पेनमधल्या संशोधकांनी यकृताच्या कर्करोगाच्या ७ रुग्णांत हे करून दाखवलं. ज्यांना मोठा डोस मिळाला त्यांच्याच गाठीत खूण दिसली, लहान डोस दिसलाच नाही. पायासाठी मात्र ही खबऱ्या जनुकं आजही मुख्यतः उंदीर-सशांच्या मांडीत आहेत. कारण साधं आहे. आजाऱ्याला एक जनुक द्यायला परवानगी मिळवताना नाकी नऊ येतात, त्यात नुसतं फोटोसाठी दुसरं, तेही विषाणूचं, कोण देऊ देईल? शरीर ते परकं ओळखून त्या पेशीच मारून टाकण्याची शक्यता असते ती वेगळीच.

माझा धंदा सोनोग्राफीचा, त्यामुळे या एका बाबतीत मी पक्षपाती आहे : सूक्ष्म बुडबुडे. तांबड्या पेशीपेक्षाही लहान, वायूने भरलेले. हे शिरेतून दिले की सोनोग्राफीत रक्त झगझगीत दिसतं. त्यांना जनुक चिकटवायचं, पोटरीवर प्रोब धरायचा, बुडबुडे तिथे आले की लहरींचा जोर वाढवून तिथल्या तिथे फोडायचे. दाखवणारा आणि पोचवणारा एकच. प्राण्यांत हे जमलेलं आहे. माझ्या खोलीतल्या मशीनवर ते कधी येईल तेव्हा येईल, मी तोवर रिटायर झालेला असेन.

तिसरी काडी : रक्त वाढलं का. इथे लोकांची फसगत होते. अँजिओग्राफीत पाव मिलिमीटरच्या खालची नळी धड दिसत नाही, आणि जनुकाने फुटतात त्या फांद्या बहुतेक त्याहून बारीक. म्हणजे चित्रात काहीच नाही आणि स्नायू मात्र तरतरीत, असं होऊ शकतं. उलटही होतं, चित्रात जाळं दाट आणि पाय थंडच. म्हणून मग स्नायूत रक्त किती झिरपतं ते मोजणारे न्यूक्लियर स्कॅन, एमआरआय, किंवा कातडीवर चकती लावून प्राणवायू मोजणं. नीट केलेल्या अभ्यासात या तिन्ही काड्या एकाच रुग्णात, एकामागून एक बघायला हव्यात. तशा बघितल्या जातील तेव्हा 'जनुक चालत नाही' हे वाक्य मी मान्य करीन. आज एवढंच म्हणतो की चालल्याचं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून आबांसाठी : चिठ्ठी दाखवून केमिस्टकडे मिळेल असं हे औषध नाही. कुणी "आमच्याकडे देतो, इतके लाख" म्हणालं, तर त्याला सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारा. भारतात प्रत्येक औषध-चाचणी त्या सरकारी यादीत नोंदवावी लागते, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की तिथून उठा. याच आजारासाठी भारतात पेशींचं एक इंजेक्शन मंजूर आहे, बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं. पण ते पाय जायची वेळ आलेल्यांसाठी आहे : आधी बर्जर आजारात मंजूर झालं, पुढे चरबी-चुन्याने नळ्या बंद झालेल्यांतही. बर्जर हा तरण्या विडीवाल्यांचा आजार, बहुतेकांना पन्नाशीच्या आतच गाठतो. आबांचं वय आणि शुगर बघता त्यांचं प्रकरण चरबी-चुन्याचं वाटतं, आणि पत्रावरून तरी अजून त्या टप्प्याला आलेलं नाही.

मग करायचं काय? विडी बंद. कमी नाही, बंद. तेंदूचं पान आपल्या सातपुड्यातलं असलं तरी आतला तंबाखू नळीला ओळख दाखवत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) ही दोन औषधं चालू आहेत का ते बघा. नसतील तर डॉक्टरांना का नाहीत ते विचारा. आणि चालणं. दुखतं म्हणून घरी बसवू नका. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, सोडलं की पुन्हा निघायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. हसू नका. पाय चालता ठेवायचा हा जुना उपाय आहे, आणि त्याचा अभ्यास जनुकापेक्षा कितीतरी जास्त झालेला आहे. आबा दोन ओळींचे चार ओळी जाऊ लागले तर मला पत्र टाका.

एक गोष्ट मात्र माझ्या चुकीतून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शुगर असलेले एक मास्तर आले. मी घोट्याचा आणि दंडाचा ब्लडप्रेशर मोजून भागाकार केला. ०.९ च्या खाली आला तर नळी खराब. त्यांचा आला १.३. मी 'नॉर्मल' लिहून दिलं. दोन महिन्यांनी करंगळी काळी घेऊन आले. शुगरमध्ये धमनीच्या भिंतीत चुना साचतो, पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही, आणि आकडा खोटाच वर येतो. त्या दिवसापासून शुगरवाल्याचा आकडा चांगला आला की मला जास्त भीती वाटते आणि मी अंगठ्याचा दाब बघतो. आबांच्या रिपोर्टात अंगठ्याचा दाब लिहिला आहे का, ते बघा.

रात्री पाय दुखून ते पलंगावरून खाली सोडून बसू लागले, किंवा बोटाचा रंग बदलला, जखम भरेना, तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे त्याच आठवड्यात न्या. केळीचा घड उतरायचा आहे म्हणून पंधरा दिवस थांबलेले पाय मी बघितले आहेत.

प्रश्न : चैत्रात आमच्या गावाची दिंडी सप्तश्रृंगी गडावर पायी जाते. आई दरवर्षी अनवाणी जाते. आता तिला शुगर आहे आणि पायाला मुंग्या येतात. जाऊ द्यावं का?
– पारोळ्याहून एक वाचक

उत्तर : ताई, मुंग्या येणाऱ्या पायाला चटका कळत नाही. चैत्रातला आपल्याकडचा डांबरी रस्ता दुपारी कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी यात्रेनंतर तळव्याला फोड घेऊन लोक येतात, आणि त्यातल्या काहींना फोड आल्याचं घरी आल्यावर, मोज्याला ओल लागली तेव्हा कळलेलं असतं. आधी पावलाची नाडी आणि संवेदना तपासून घ्या. नाडी लागत असेल तर बूट-मोजे घालून, पहाटे आणि संध्याकाळी चालू द्या. रोज रात्री तळवा तुम्ही स्वतः बघा, आईवर सोपवू नका. नाडी लागत नसेल तर गडापर्यंत गाडीने.

आई बूट घालायला तयार होणार नाहीत, हे मला माहीत आहे. माझीही झाली नव्हती. मी शेवटी तिला सांगितलं, देवीसमोर काढ, तोवर घाल. चाललं.

प्रश्न : पायाच्या डॉपलरला उपाशी यायचं असतं का?
– भुसावळ

उत्तर : पोटाची असेल तर हो. पायाची असेल तर नाही, शेवभाजी खाऊन आलात तरी चालेल. फक्त विडी-सिगारेट ओढून येऊ नका, आणि सैल पायजमा घाला. घट्ट जीन्सवाले आले की माझी दहा मिनिटं त्यातच जातात.